पान एकेचाळीस ते चव्वेचाळीस

हरिशंकरपुरम, ग्वाल्हेर
१८ नोव्हेंबर २०२५

चि. अंबरीश,

आशीर्वाद नेहमीचेच, ते गृहीत धर. फोनवर तू दर वाक्याला ‘हो आत्या’ म्हणतोस आणि दुसऱ्या कानाने मीटिंग ऐकतोस, म्हणून हे पत्र. कागदाला म्यूट करता येत नाही.

आपल्या अक्षरस्पर्श मंडळात कामाच्या वस्तू दोनच आहेत. ब्रेल छापणारं यंत्र, आणि ते चालवणारा वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम. बाकी सगळी कार्यकारिणी आहे. दिवाळीत तू नव्या कॉम्प्युटरवर तो जुना प्रोग्रॅम चालू करून दिलास, तेव्हापासून आमचे सचिव विश्वासराव भेटेल त्याला सांगताहेत की ‘आम्ही’ यंत्रणा अद्ययावत केली. नेमकं काय केलं, असं त्यांनी परवा मलाच विचारलं. मी सांगितलं, “नव्या मशीनच्या पोटात एक नाटकी मशीन आहे. जुन्या प्रोग्रॅमला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत. नाटकी मशीनला खऱ्या डिस्कवर काही लिहायचं तर मध्ये दुभाषा लागतो. त्याला गेस्ट ड्रायव्हर म्हणतात. अंबरीशने नाटकी मशीनमध्ये नवा कर्नल घातला, म्हणजे कारभारी बदलला. दुभाषा जुन्या कारभाऱ्याचीच भाषा बोलत होता, त्याला नव्याची शिकवली.” विश्वासराव म्हणाले, “अच्छा, म्हणजे गेस्टसाठी ड्रायव्हर ठेवला.”

या मशीनवरचं पहिलं पुस्तक गरिमासाठी आहे. मुरारच्या कान्होजी शिर्क्यांची मुलगी. जन्मापासून दिसत नाही, वकिलीत पहिला वर्ग. आता दृष्टिहीनांनाही न्यायाधीश होता येतं असा निकाल लागलाय, म्हणून फेब्रुवारीत ती दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसते आहे. जुना पुरावा कायदा जाऊन नवा साक्ष्य अधिनियम आला. मजकूर बराचसा तोच, पण कलमांचे क्रमांक सगळे हललेले. मंडळात टायपिंग करणाऱ्या कुसुमताईंनी जुन्या कायद्याची फाइल घेऊन चार आठवडे पानापानावर बदल केले. काल छपाई झाली. पानं मी स्वतः मोजली. दोनशे बारा. ठिपके स्वच्छ उठलेत.

तेव्हा काम झालं असं दिसतं. तरी तू त्या दुभाष्याला काय शिकवलंस ते चार ओळींत लिही. मला फुकट विश्वास ठेवायची सवय नाही.

— शामलाआत्या


बंगळुरू
२७ नोव्हेंबर २०२५

ती. आत्या,

सा. न. पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं, सगळी टीम बघायला आली. इथे कित्येकांनी पोस्टाचं पत्र पाहिलेलंच नाही.

विशेष काही केलं नाही. नवीन कर्नलमध्ये काही फंक्शनची नावं बदललीत, काही काढूनच टाकलीत. जुना ड्रायव्हर त्यांनाच हाका मारत होता. मी एक-एक बघून अ‍ॅडजस्ट केलं. एकूण अकरा एरर होत्या, तुमचा चहा संपायच्या आत शून्य झाल्या. आमच्याकडे शून्य म्हणजे सगळं ठीक. टेन्शन घेऊ नका.

गरिमाला बेस्ट ऑफ लक.

— अंबरीश


हरिशंकरपुरम
२० डिसेंबर २०२५

अंबरीश,

आशीर्वाद राखून ठेवला आहे. का, ते पुढे वाच.

थाटीपुरच्या क्लासात मंगळवारी सराव परीक्षा झाली. मृत्यूपूर्व जबानी कोणत्या कलमाखाली येते? गरिमाने लिहिलं, बत्तीस. ते अठराशे बहात्तरच्या जुन्या कायद्यात. नव्यात सव्वीस. शिकवणाऱ्या गृहस्थांनी तिचा पेपर सगळ्या वर्गासमोर वाचला आणि म्हणाले, “मैडम अभी अठारह सौ बहत्तर में बैठी हैं.” वर्ग हसला. वर सल्लाही दिला, “बेटा, आप तो सुन के याद कर लो.” गरिमा म्हणाली, “सर, आप पढ़ के करते हो ना?” मग ती रिक्षा करून सरळ मंडळात आली, माझ्यापुढे पुस्तक ठेवलं, पान बेचाळीसवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “काकू, हे वाचा.”

बोटाने मला वाचता येत नाही. ब्रेल अक्षरांचा तक्ता घेऊन डोळ्यांनी एकेक ठिपका लावला. बत्तीस.

पान अठ्ठ्याण्णववर इलेक्ट्रॉनिक अभिलेख, कलम त्रेसष्ट. ते नवं, बरोबर. म्हणजे निम्मं पुस्तक नवं, निम्मं जुनं, आणि कुठलं कुठे ते छापणाऱ्यालाही ठाऊक नाही. मुलीने महिनाभर ते पाठ केलं आहे. निव्वळ अडाणी असती तर बरं. शिकलं की जातं. चुकीचं पाठ झालेलं आधी पुसावं लागतं.

मी कुसुमताईंना विश्वासरावांच्या देखत विचारलं, “कॉन्व्हेंटात आम्हाला चुकलेली ओळ शंभर वेळा लिहायला लावत. तुम्हाला एकदा लिहायला काय झालं?” त्या म्हणाल्या, “शामला, मी बदललं होतं. स्क्रीनवर दिसत होतं.” मी मशीन चालू करून दाखवलं. बत्तीस. त्यांनी चष्म्याचं घर पिशवीत टाकलं आणि गेल्या. चार दिवस झाले, आल्या नाहीत. वय बहात्तर.

काल गरिमाचा फोन. सगळं पुस्तक तपासून काढलं म्हणाली. “काकू, जुनी पानं चार-चारच्या जथ्यात आहेत. एकेचाळीस ते चव्वेचाळीस. एकोणसत्तर ते बहात्तर. एकशे सतरा ते एकशे वीस. माणूस थकतो, पण चारच्या पाढ्यात थकत नाही.”

अंबरीश, मी तेहतीस वर्षं सरकारी संगणक विभागात काढली. पंच केलेल्या कार्डांचे गठ्ठे उचलून माझी पाठ गेली आहे. आमचा प्रोग्रॅम ब्रेलच्या एका पानाला एक हजार चोवीस अक्षरांची जागा देतो. चार पानांची चार हजार शहाण्णव. हा आकडा कुसुमताईंचा नाही. हा तुमच्या लोकांचा आहे. तुमचा कर्नल स्मरणातला मजकूर एवढ्याच तुकड्यांत उचलतो.

ड्रायव्हरचा सगळा कोड कागदावर छापून पाठव. ईमेल नको. मला पेन्सिल लागते.

— शामलाआत्या


बंगळुरू
२८ डिसेंबर २०२५

ती. आत्या,

सा. न. वाचून वाईट वाटलं. पण प्रामाणिकपणे सांगू? नव्वद टक्के केसमध्ये यूजरची गलती निघते. कुसुमताईंनी सेव्ह केलं नसेल. बंद करताना मशीन काही विचारतं, बुजुर्ग लोक घाबरून कुठलं तरी बटण दाबतात.

दुसरं म्हणजे, गरिमाला ऑडिओच का देत नाही? मोबाइल पूर्ण कायदा वाचून दाखवतो, तोही फुकट. आजकाल ब्रेल कोण वाचतं?

कोडचा प्रिंट सोबत आहे. ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज डोक्यावर आहे, त्यामुळे जानेवारीत बोलू.

— अंबरीश


हरिशंकरपुरम
४ जानेवारी २०२६

अंबरीश,

पानं मिळाली. एक ते चौदा, आणि सोळा ते बावीस.

पंधरावं कुठे आहे?

आमच्या सिस्टर बेनेडिक्टा म्हणायच्या, मुलगी वहीतलं पान फाडते ते सुंदर अक्षराचं कधीच नसतं. मी तेव्हा आठ वर्षांची होते आणि पान फाडण्यात तुझ्यापेक्षा हुशार होते. मी उरलेल्या पानांचे आकडेही बदलायची.

ब्रेल कोण वाचतं या तुझ्या प्रश्नाचं उत्तर गरिमाने दिलं आहे. “आवाज पुढे निघून जातो काकू. बोट मागे येऊ शकतं.” वकिलाला मागे यावं लागतं. तुलाही आता लागेल.

— शामला पागनीस


बंगळुरू
११ जानेवारी २०२६

ती. आत्या,

सा. न. पान पंधरा सोबत आहे.

खरं लिहितो. जुन्या ड्रायव्हरमध्ये एक फंक्शन होतं. मेमरीत बदललेला तुकडा डिस्कपर्यंत पोचवायचं त्याचं काम. नवीन कर्नलने ती वाटच बंद केली आणि दुसरी दिली. दुसरी समजून घ्यायला दोन दिवस लागले असते. माझी फ्लाइट दुसऱ्या दिवशी होती, आणि विश्वासरावकाका दर दहा मिनिटांनी येऊन ‘हो गया क्या’ विचारत होते. मी नवीन वाटेवर त्याच नावाचं फंक्शन ठेवलं, आतून रिकामं. फक्त एक ओळ लिहिली, रिटर्न झिरो. म्हणजे, पोचलं.

कर्नल विचारतो, तुकडा पोचवलास? ड्रायव्हर म्हणतो, हो. म्हणून एरर येत नाही. मशीन चालू असेपर्यंत स्क्रीनवर मेमरीतलं नवं पान दिसतं. मशीन बंद केलं की ते जातं, डिस्कवर जुनंच असतं. छपाईचं यंत्र डिस्कवरचं घेतं. काही तुकडे तुमचा प्रोग्रॅम दुसऱ्या, साध्या वाटेने लिहितो, ते पोचले. म्हणून निम्मं-निम्मं.

कुसुमताईंनी सगळं बरोबर केलं होतं.

त्या ओळीवर मी एक टीप लिहिलेली आहे, ती तुम्हाला दिसेलच. ‘नंतर बघू.’ आणि एक गोष्ट. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला ते आठवलं होतं. वाटलं, चालतंय ना, कशाला छेडायचं.

माफी मागायला फोन करत होतो, तुम्ही उचलला नाही.

— अंबरीश


हरिशंकरपुरम
१६ जानेवारी २०२६

अंबरीश,

फोन मी मुद्दाम उचलला नाही.

मी आयुष्यात आळशी कारकून पाहिले, लबाड पाहिले, टेबलावर झोपणारे पाहिले. त्यांच्यातला वाईटातला वाईटसुद्धा फाइल दाबून ठेवायचा. ‘पोहोचवली’ अशी पोच लिहून फाइल बंबात घालत नसे. ते तू केलंस. उच्च शिक्षण घेऊन, माझ्या घरचा चहा पिऊन. तुझा ड्रायव्हर मोडून पडला असता तर मी त्याला मान दिला असता. मोडलेलं दिसतं तरी. त्याने लाज न बाळगता ‘हो’ म्हटलं, आणि त्या ‘हो’वर एक मुलगी महिनाभर बोटं फिरवत बसली.

‘नंतर बघू’ ही टीप मी पेन्सिलीने गोल केली आहे. एवढ्या कोडात शुद्ध मराठीत लिहिलेली ती एकच गोष्ट. हा भाषाभिमान मला नको होता.

आता माझं. दोनशे बारा पानं मी मोजली. एकही वाचली नाही. ठिपके उठलेत एवढं पाहून पुस्तक बरोबर आहे असं गरिमाला सांगितलं. म्हणजे मीही आतून रिकामीच. फरक एवढाच की मला पगार नाही.

काल थाटीपुरला कुसुमताईंच्या क्वार्टरवर गेले. दार उघडलं, पाणी दिलं. मी म्हटलं, “कुसुमताई, चूक माझी. तुम्ही बदललं होतं.” त्या म्हणाल्या, “तोंडी नको. शंभर वेळा लिहून आण.” मला वाटलं चेष्टा आहे. नव्हती. घरी येऊन लिहिलं, ‘कुसुमताईंनी पान बदललं होतं’, शंभर वेळा, कॉन्व्हेंटातल्या अक्षरात. आज सकाळी नेऊन दिलं. त्यांनी चष्मा लावून मोजलं. मग म्हणाल्या, “अठ्ठ्याण्णव आहेत.” मी तिथेच बसून दोन लिहिल्या. त्यानंतर चहा मिळाला. जुनी राहिलेली पानं चार दिवसांत पुन्हा बदलून देते म्हणाल्या. पण त्यांचं म्हणणं, आणि माझंही, की ते फंक्शन खरं लिहून झाल्याशिवाय त्या मशीनला हात लावणार नाहीत.

परीक्षा बावीस फेब्रुवारीला. गरिमाला पुसायला आणि पुन्हा पाठ करायला निदान तीन आठवडे हवेत. हिशेब तू कर.

‘झालं’ असं लिहून पाठवू नकोस. तो शब्द तुझ्या तोंडून मला आता चालत नाही.

— शामला


बंगळुरू
२५ जानेवारी २०२६

ती. आत्या,

सा. न. चार दिवस रजा घेतली. रिलीजवाले नाराज आहेत, ठीक आहे.

फंक्शन लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं ते तुकडा पोचवत होतं, पण डिस्क भरलेली असली तरी ‘पोचलं’च म्हणत होतं. ते फेकलं. आताचं आधी पोचवतं, मग समोरून उत्तर घेतं, आणि नसेल पोचलं तर नाही म्हणतं. तपासायला मी लिहिता-लिहिता माझ्या इथल्या मशीनचा प्लग ओढला, पुन्हा चालू करून पानं ताडून पाहिली. एकदा नाही, चाळीसदा. मंडळाच्या मशीनवर दुरून बसवलं आहे. कुसुमताईंना फोन करून सांगितलंय, आता हात लावायला हरकत नाही.

हा कोड मी आता सगळ्यांसाठी देतोय. हाच ड्रायव्हर वापरणारे आणखी लोक आहेत, आणि माझं रिकामं फंक्शन मी दिवाळीत त्यांच्याकडेही चढवलं होतं. हेही तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट आहे. कर्नलचे लोक असले बदल एकमेकांना अजून पत्रानेच पाठवतात, ईमेलने का होईना. समोरचा ओळ-ओळ उतरवून खाली शेरा मारतो, अगदी तुमच्यासारखा. आणि शेवटी नावं घालतात. कोणी केलं, कोणी तपासलं. तपासणाऱ्याचं नाव असलं की बाकीचे विश्वास ठेवतात.

‘तपासलं’ या ओळीत मी तुमचं नाव घातलंय.

— अंबरीश


हरिशंकरपुरम
३ फेब्रुवारी २०२६

अंबरीश,

चाळीसदा प्लग ओढलास हे वाचून प्रथमच तुझ्या बापाचा मुलगा वाटलास.

माझं नाव काढ. मी मोजणारी आहे, तपासणारी नाही. विश्वासरावांना हे कळल्यापासून स्वतःचं नाव घालायची त्यांची पूर्ण तयारी आहे, तेवढ्यावरून त्या ओळीची आजवरची किंमत काय असेल ते कळतं.

तीस तारखेला पुस्तक पुन्हा छापलं. गरिमा तेव्हापासून वाचते आहे. मी तिला तुझी ती नावांची पद्धत सांगितली आणि विचारलं, “तुझं नाव घालू दे का त्याला?” तिने ब्रेलची पाटी आणि ठिपके उठवायचा टोचा घेऊन तिथेच तुला उत्तर लिहिलं. सोबत पाठवते.

मी ते उलगडून देणार नाही. ब्रेलचा तक्ताही पाकिटात ठेवला आहे. फोटो काढून कॉम्प्युटरकडून वाचून घेशील तर ते मला कळेल. कसं, ते सांगत नाही.

— शामलाआत्या


बंगळुरू
१२ फेब्रुवारी २०२६

ती. आत्या,

सा. न. नऊ ओळींना मला पूर्ण रविवार लागला. पहिला अर्धा तास तर कागद उलटा धरला होता. बरोबर लागलं का बघा:

‘अंबरीशदादा, नमस्ते. काकू म्हणतात माझं नाव हवं आहे. आज पहिला भाग संपला, १२७ पानं. ४१ ते ४४ चार वेळा वाचली. २६ आहे. उरलेली ८५ वाचल्याशिवाय मी नाव देणार नाही. तुमच्यात न वाचताही नाव देतात असं ऐकलं. आमच्या कायद्यात त्याला खोटी साक्ष म्हणतात. घाई असेल तर दुसऱ्या कोणाचं घाला. गरिमा शिर्के.’

दुसऱ्या कोणाचं घातलं नाही. तिकडून दोनदा विचारणा झाली, तपासणाऱ्याचं नाव का नाही. मी कळवलं, तपासणारी अजून वाचते आहे. एकाने विचारलं, काय वाचते आहे, कोड? मी लिहिलं, नाही, पुस्तक. त्यानंतर कोणी घाई केली नाही.

— अंबरीश


हरिशंकरपुरम
२३ फेब्रुवारी २०२६

चि. अंबरीश,

तुझं उलगडणं बरोबर आहे. फक्त ‘नमस्ते’ तिने लिहिलं नव्हतं. ते तू आपल्या मनाने घातलंस.

काल परीक्षा झाली. कुसुमताई आणि मी फाटकापर्यंत गेलो होतो. आत जाताना तिने पर्समधून हा घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “काकू, दादांना.” बाहेर आली तेव्हा क्लासातल्या त्या गृहस्थांनी विचारलं, “पेपर कैसा गया, मैडम?” ती म्हणाली, “सर, छब्बीस आया था.” ते म्हणाले, “और आपने?” ती आमच्या रिक्षात बसली. निकाल लागेल तेव्हा तूच तिला विचार. पत्र टोच्याने लिही, ती दुसरं घेणार नाही.

कागद सोबत आहे. दोनच ओळी आहेत, या वेळी रविवार लागू नये.

आशीर्वाद पाठवते आहे. पोचला की नाही ते नीट बघून कळव. ‘हो आत्या’ म्हणू नकोस.

— शामलाआत्या


बंगळुरू
२ मार्च २०२६

ती. आत्या,

सा. न. कागद तक्ता न बघता, बोटाने वाचायचा प्रयत्न केला. पहिली ओळ लागली: ‘२१२. सगळी वाचली.’ दुसरी बोटाला लागेना, म्हणून तक्ता काढला: ‘१८३ वर खालची अर्धी ओळ कापली जाते. आधी ती नीट करा, मग नाव घाला.’

बघितलं. खरंच कापली जात होती. ड्रायव्हरची नव्हे, प्रोग्रॅमची वीस वर्षांची चूक, पण तिच्या पुस्तकात होती. नीट केली आणि पान १८३ तिच्यासाठी पुन्हा छापायला लावलं आहे. कुसुमताईंना सांगितलंय, ते छापून झाल्यावर कोणी मोजू नये.

नाव अजून घातलेलं नाही. ते पान ती वाचेल, मग घालेन.

आशीर्वाद पोचला. दोनदा वाचून बघितलं.

— अंबरीश